निसटलेलें पातें : दोष कोणाचा?

कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटून शेजारीं उभ्या असलेल्या मनुष्यास लागलें आणि तो मेला, तर दोष कोणाचा? दांड्याचा, लोहाराचा, नशिबाचा, कीं कुऱ्हाड चालविणाऱ्याचा? प्रश्न लहान दिसतो, पण तो फार जुना आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत तो आला आहे, आणि आपल्या देशाच्या आजच्या फौजदारी कायद्यांतही नेमकें हेंच उदाहरण घातलेलें आहे. मनुष्याच्या अपराधाचा विचार जेथें इतक्या काळजीनें झाला, तेथें कुऱ्हाडीची गोष्ट कां यावी? कारण ह्या एका गोष्टींत हात मनुष्याचा, हेतु निर्दोष, आणि फळ मात्र भयंकर, अशीं तीन टोकें एकत्र येतात.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील वाचकांस कुऱ्हाड म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. धडगांव, अक्कलकुवा व तळोदें ह्या तालुक्यांतील पाड्यांवर, किंवा नवापुराकडील गांवांत, जिच्या कुडास कुऱ्हाड टेकलेली नाहीं अशी झोपडी विरळा. जळण फोडणें, मेढी तासणें, कुंपणास कांटे आणणें, हीं सर्व कामें तिच्यावर. यंत्राची करवत आली, कित्येक घरीं गॅसची शेगडीही आली. तरी कुऱ्हाड सुटली नाहीं. शिवाय आपल्याकडे ती एकट्यानें चालविण्याची चाल नाहीं. एक जण फोडतो, दुसरा रचतो, बायका मोळी बांधतात आणि मुलें ढलप्या वेंचतात. म्हणून पातें निसटलें तर तें रिकाम्या रानांत पडेलच असा भरंवसा नाहीं.

प्रथम वस्तूचा स्वभाव पाहूं. कारण ज्यास वस्तूचा स्वभाव ठाऊक नाहीं त्यास दोषाचा न्याय करितां येत नाहीं. लोखंड ऋतूप्रमाणें बदललेलें आपणांस दिसत नाहीं. लांकूड मात्र बदलतें. पावसाळ्यांत तें हवेंतील ओल पिऊन फुगतें, आणि चैत्र-वैशाखांत सुकून आंखडतें. हें आंखडणें लांबीच्या बाजूनें जवळजवळ नसतेंच. तें जाडीच्या बाजूनें होतें. म्हणून भाद्रपदांत जो दांडा पात्याच्या नेढ्यांत घट्ट बसला होता, तोच होळीनंतर त्याच नेढ्यांत खुळखुळूं लागतो. ओल्या लांकडाचा दांडा घातला असेल तर मग विचारूंच नये. त्यांतच प्रत्येक घावाबरोबर पातें बाहेरच्या बाजूस ओढ घेतें. हात दांड्यास धरून ठेवितो. पण पात्यास धरून ठेवणारें असें, नेढ्यांतील लांकूड व त्यांत ठोकलेली पाचर ह्यांवांचून, कांहींच नाहीं. कुदळीची गोष्ट निराळी आहे. तिचा दांडा वरून घालितात, त्याचें जाड टोंक वरच्या बाजूस राहतें, आणि जों जों कुदळ मारावी तों तों लोखंड त्या जाड टोंकावर अधिक घट्ट बसतें. खालून दांडा घातलेल्या कुऱ्हाडीस ही सोय नाहीं. तिचें सर्व इमान पाचरेंत आहे.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पातें निसटतें तें एका क्षणांत. पण तें सैल होतें तें एका क्षणांत नव्हे. सैल होण्यास आठवडे, कधीं महिने लागतात, आणि त्या सर्व काळांत तें आपली खबर देत असतें. घावाचा आवाज बदलतो. टणक आवाजाऐवजीं फुटका आवाज येतो. दांडा व लोखंड ह्यांच्यामध्यें फट दिसूं लागते. नेढ्याच्या वर डोकावणारें दांड्याचें टोंक आंत गेलेलें असतें. कुऱ्हाड उचलतांच पातें हललेलें हातास कळतें. म्हणजे ज्यास आपण अकस्मात् झालेलें म्हणतों, त्यांतील केवळ शेवटला भाग अकस्मात् असतो. पुढील सर्व विचार ह्या एका भेदावर उभा आहे.

अनुवादाच्या १९ व्या अध्यायांत मोशे सांगतो कीं, एक मनुष्य आपल्या शेजाऱ्याबरोबर रानांत लांकडें तोडावयास गेला, घाव घालितांना कुऱ्हाड दांड्यांतून निसटली व शेजारी तिनें मेला. त्या दोघांत पूर्वीचें वैर नव्हतें. तर अशा मनुष्यानें आश्रयनगरांत पळून जाऊन आपला जीव वांचवावा. अशीं सहा नगरें नेमिलीं होतीं. यार्देनेच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन. पूर्वेस बेसेर, रामोथ व गोलान. तेथें जाण्याचा मार्ग तयार ठेवावा अशीही आज्ञा होती. कारण मेलेल्याचा सूड घेणारा आप्त संतापाच्या भरांत पाठीमागें धांवत असे, आणि वाट लांब पडली तर निर्दोष मनुष्याचें रक्त सांडलें जाईल अशी भीति होती.

ह्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, ज्याच्या मनांत वैर नाहीं तो खुनी नव्हे. त्याचें रक्त सांडूं नये. दुसरी गोष्ट पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून सुटते. त्या मनुष्यास ‘तूं निर्दोष आहेस, जा, घरीं जाऊन जेव’ असें कोणी सांगत नाहीं. गणनेच्या ३५ व्या अध्यायाप्रमाणें त्याचा न्याय मंडळीपुढें होतो, आणि तो खुनी नाहीं असें ठरल्यावरही त्यास मुख्य याजकाच्या मरणापर्यंत त्या नगरांतच राहावें लागतें. दाम देऊन ही मुदत कमी करून घेतां येत नाहीं. घर सुटलें, शेत सुटलें, आप्त सुटले. खून केला नाहीं हें खरें. तरी एक जीव गेला हेंही तितकेंच खरें, आणि नियमशास्त्र ह्या दोन सत्यांपैकीं एकासही झांकून ठेवीत नाहीं.

कोणी म्हणेल, मोशेनें तर वैर होतें कीं नाहीं एवढेंच विचारिलें. पातें आधींच सैल होतें काय हें विचारिलें नाहीं. तेव्हां वैर नसलें म्हणजे झालें. पण एकच वचन हातीं धरून बाकीचें पुस्तक मिटून ठेवणें बरें नव्हे. निर्गमाच्या २१ व्या अध्यायांत मारक्या बैलाचा नियम आहे. बैलानें प्रथमच कोणास हुंदाडून मारिलें तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे हें धन्यास पूर्वीं कळविलें असूनही त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर धनीही मरणदंडास पात्र. येथें धन्याच्या मनांत मेलेल्याविषयीं वैर होतें असें नाहीं. त्यास ठाऊक होतें, एवढाच त्याचा अपराध. तसेंच अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याभोवतीं कठडा करावयास सांगितलें आहे, नाहीं तर वरून पडून मेलेल्याचें रक्त त्या घरावर येतें. कठडा न करणारा कोणास ढकलीत नाहीं. तो केवळ एक काम करावयाचें ठेवितो. तेव्हां वैर नसणें ही निर्दोषतेची एक बाजू झाली. काळजी घेणें ही दुसरी.

ग्रीस देशाचा तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल ह्यानें आपल्या नीतिशास्त्रांत हाच भेद दुसऱ्या शब्दांनीं केला आहे. द्वेषावांचून इजा झाली आणि तिचें मूळ कर्त्याच्या बाहेर असलें तर ती दुर्घटना. मूळ त्याच्याच ठायीं असलें तर ती चूक, असा त्याचा आशय आहे. इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टन ह्याच्या १७६९ सालीं निघालेल्या ग्रंथखंडांत कुऱ्हाडीचेंच उदाहरण आहे. पुढें १८६० सालीं झालेल्या भारतीय दंड संहितेच्या ८० व्या कलमाखालीं तेंच उदाहरण आलें. ती संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी तिच्या १८ व्या कलमांत तें कायम आहे. त्याचें तात्पर्य असें : काम करणाऱ्याच्या कुऱ्हाडीचें पातें उडून जवळचा मनुष्य मेला, आणि काम करणाऱ्यानें योग्य सावधगिरी बाळगण्यांत कसूर केली नव्हती, तर तो अपराध नव्हे. सर्व भार ‘सावधगिरी’ ह्या शब्दावर आहे. ती नसेल, आणि हयगयीनें मृत्यु घडला असें ठरेल, तर त्याच संहितेच्या १०६ व्या कलमाप्रमाणें पांच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. जुन्या संहितेंत ही मुदत दोन वर्षांपर्यंत होती.

ह्या सर्वांवरून तीन मनुष्य आपल्यापुढें उभे राहतात. पहिल्यानें सुकलेल्या लांकडाचा दांडा घातला, पाचर ठोकली, सकाळीं कुऱ्हाड उचलून पाहिली व मुलांस दूर उभें केलें. तरी लोखंडांतच न दिसणारी भेग होती आणि पातें तुटून उडालें. दुसऱ्यानें काहींच पाहिलें नाहीं. कुडाची कुऱ्हाड खांद्यावर टाकली व निघाला. तिसऱ्यास पातें हलतें हें ठाऊक होतें. परंतु ‘आजच्या दिवसाचें होऊं दे, उद्यां पाहूं’ असें म्हणून तो घाव घालीत राहिला. तिघांच्याही मनांत वैर नाहीं. तरी तिघे एक नव्हेत. पहिला दुःखी आहे, दोषी नाहीं. तिसऱ्याची गोष्ट मारक्या बैलाच्या धन्यासारखी आहे. आणि दुसरा? तो म्हणतो, ‘मला ठाऊक नव्हतें.’ हें उत्तर खरें असेल, पण तें पुरेसें नाहीं. ठाऊक करून घेण्यास एकदां कुऱ्हाड हलवून पाहणें एवढेंच लागत होतें. ज्या अज्ञानाचें औषध आपल्या हातांत असतां आपण घेतलें नाहीं, तें अज्ञान आपणांस सोडवीत नाहीं.

आतां ह्याहून कठीण प्रश्न. दोन शेजारी आहेत. दोघांच्या कुऱ्हाडी सारख्याच सैल, दोघांसही तें ठाऊक. एकाचें पातें उडून झुडपांत पडलें. तो हंसला, तें शोधून आणून त्यानें पुन्हां बसविलें. दुसऱ्याचें पातें ढलप्या वेंचणाऱ्या मुलाच्या कपाळीं लागलें. न्यायाधीश दुसऱ्यास बोलावील. पहिल्यास कोणी विचारणारही नाहीं. तर पहिला अधिक चांगला मनुष्य आहे काय? मला वाटतें, येथें दोन शब्द निराळे ठेविले पाहिजेत : दोष आणि देणें. दोष अंतःकरणाचा व हयगयीचा असतो. तो दोघांचा सारखाच आहे, आणि अंतःकरण पाहणाऱ्या देवापुढें झुडूप मध्यें आलें ह्यानें तो कमी होत नाहीं. पहिल्यास जें मिळालें ती क्षमा नव्हे, निर्दोषतेचा दाखलाही नव्हे. ती केवळ सवड आहे. देणें मात्र दुसऱ्याचें फार मोठें आहे, कारण एका घराचें मूल गेलें. ह्याच दोन शब्दांनीं आश्रयनगराचा नियमही उलगडतो. तेथें राहणाऱ्यावर दोष नव्हता, देणें होतें.

दोष टाळावयाचे दोन मार्ग आपल्याकडे चालू आहेत. त्यांविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. पहिला, ‘देवाची इच्छा होती, त्याची घटका भरली होती.’ शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, त्यांविषयीं प्रभूनें जें सांगितलें तें लूकाच्या १३ व्या अध्यायांत आहे. मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते ही समजूत त्यानें खोडून काढिली, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःकडे पाहावयास लाविलें. देवानें आपणांस डोळे व हात दिले असतां, जें डोळ्यांनीं पाहावयाचें व हातांनीं ठोकावयाचें तें त्याच्या इच्छेवर लोटणें ही श्रद्धा नव्हे. दुसरा मार्ग ह्याहून वाईट. पातें उडालें, तेव्हां कोणी तरी नजर लाविली. अमुक विधवा डाकीण आहे. तिचेंच हें काम. अशा बोलण्यानें एका अपघाताचे दोन खून होतात, एक नकळत झालेला व दुसरा जाणूनबुजून केलेला. जादूटोण्याचा आळ घालून कोणास छळणें हा महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधींच साध्या बुद्धीनें विचारावें कीं, ती पाचर त्या बाईच्या हातांत होती कीं तुमच्या?

दुसऱ्याच्या कुऱ्हाडीविषयींही थोडें लिहिलें पाहिजे. २ राजे ह्याच्या ६ व्या अध्यायांत यार्देनेच्या कांठीं लांकूड तोडतांना एकाचें पातें पाण्यांत पडलें, आणि तो हायहाय करूं लागला कीं, तें तर मागून आणलेलें होतें. मागून आणलेल्या वस्तूची चिंता त्यास आपल्या वस्तूहून अधिक वाटली, हें त्या गरीब शिष्याचें भूषण आहे. पण मागून आणणाऱ्याचें कर्तव्य आहे तसें देणाऱ्याचेंही आहे. आपली कुऱ्हाड सैल आहे हें जाणून, तें न सांगतां शेजाऱ्यास देणारा, आणि मोडक्या हत्याराशीं मजुरास कामास लावणारा मालक, हे दोघे घाव घालीत नाहींत, तरी दोषांत वांटेकरी आहेत. मजुरीस गेलेला तरुण ‘ही कुऱ्हाड चालणार नाहीं’ असें म्हणूं शकत नाहीं, कारण त्यास उद्यांची भाकर हवी असते. ज्यास नाहीं म्हणण्याची मोकळीक कमी त्याचा दोष कमी, आणि ज्यानें ती मोकळीक हिरावली त्याचा अधिक. चांदसैली घाटांतून माणसांनीं भरलेली जीप नेणाऱ्या चालकास, तिच्या मालकास, आणि आपली विहीर कठड्यावांचून उघडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यासही हाच न्याय लागू आहे.

येथें गरिबीची सबब चालत नाहीं, कारण पातें घट्ट करण्यास पैसा फारसा लागत नाहीं. वेळ व लक्ष मात्र लागतें. पुष्कळ जण सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यांत बुडवून ठेवितात. लांकूड फुगतें, सकाळीं पातें घट्ट होतें. परंतु लोखंडाच्या आंत फुगण्यास जागा नसल्यामुळें त्याचे तंतु चिरडतात, आणि सुकल्यावर दांडा पूर्वींहून अधिक बारीक होतो. म्हणजे आजची घट्टी उद्यांच्या सैलपणाचें बीज. कोणी खिळे ठोकितात. त्यांनीं लांकूड उभें चिरतें. खरा उपाय असा. धावडा, तिवस किंवा धामण ह्यांसारख्या चिवट लांकडाचा, गांठ नसलेला व सरळ रेषांचा दांडा घ्यावा; तो सावलींत कित्येक महिने सुकूं द्यावा; नेढ्यास बेताचा होईल इतका तासावा; टोंकास नेढ्याच्या लांब बाजूच्या दिशेनें चीर देऊन दांडा बसवावा, आणि त्या चिरेंत सुक्या कठीण लांकडाची पाचर ठोकावी. टोंक नेढ्याच्या थोडें वर राहूं द्यावें. बसवितांना कुऱ्हाड पातें खालीं करून अधांतरीं धरावी व दांड्याच्या बुडावर लांकडी मोगरीनें ठोकावें. जड लोखंड जागच्या जागीं राहतें व दांडा त्यांत शिरतो. कामास निघण्यापूर्वीं रोज एकदां हलवून पाहावी, आणि हललेली दिसली तर काम थांबवावें. घाव घालितांना पात्याच्या रेषेंत, पुढें किंवा पाठीमागें, कोणास उभें राहूं देऊं नये.

शेवटीं पाळक व उपदेशक ह्यांस एक विचारावेंसें वाटतें. तुमच्या मंडळींतील एकाच्या हातून असा मृत्यु घडला, तर तुम्ही काय कराल? पंच बसून रुपयांचा दंड ठरवितील, बकरा कापतील व प्रकरण मिटलें म्हणतील. पोलिसांचें व न्यायालयाचें काम त्यांनीं करावें; त्यांपासून गोष्ट लपवूं नये. पण मंडळीचें काम निराळें आहे. तो पहिल्या मनुष्यासारखा असेल, तर त्यास प्रभुभोजनापासून एक दिवसही दूर ठेवूं नये. त्याच्याकडे पाहून कुजबुजणारांस आवरावें, कारण सूड घेणारा नेहमीं हातांत शस्त्र घेऊनच येतो असें नाहीं, तो जिभेनेंही येतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्यासारखा असेल, तर ‘तुझा काहीं दोष नाहीं’ असें खोटें सांत्वन त्यास देऊं नये. तें खोटें आहे हें त्याच्या मनास रात्रीं कळतें, आणि मग तो खऱ्या सांत्वनावरही विश्वास ठेवीत नाहीं. त्यानें आपला दोष आपल्या तोंडानें म्हणावा, मग क्षमेचें वचन ऐकावें. कारण आपला मुख्य याजक मरण पावला आहे, आणि त्याच्या मरणानें घरीं परतण्याची वाट मोकळी झाली आहे.

परंतु तिघांनाही देणें आहेच. मेलेल्याच्या घरीं नांगर धरणारा हात गेला असेल, तर पेरणीच्या दिवशीं ह्याचा हात तेथें असावा. तेथील मुलांच्या शाळेची, म्हाताऱ्यांच्या औषधाची काळजी ह्यानें घ्यावी, आणि एकट्यास झेपत नसेल तर मंडळीनें त्यास हातभार लावावा. इस्राएलास आश्रयनगराच्या वाटा तयार ठेवाव्या लागत. आपल्याकडे अशीं नगरें नाहींत, मंडळी आहे. तिच्याकडे येणारी वाट त्या मनुष्यासाठीं मोकळी असावी, आणि तिच्यांतून मेलेल्याच्या दाराकडे जाणारी वाटही तितकीच रुळलेली असावी.